भिंत एकाच जागी का असते? माजघरात करून बघायची रीत

गेल्या उन्हाळ्यात भाचा रामबागेतल्या आमच्या घरी राहायला आला होता. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच झालेलं. पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता म्हणाला, "मावशी, इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी जातो हे लिहून मी मार्क मिळवले. पण ही भिंत पण इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचीच आहे ना? मग ती कधी दोन ठिकाणी का नसते?"

मी प्रोफेसर नाही. इंदूरच्या एका कॉलेजात ३१ वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. पोरांनी वाकडे केलेले स्पेक्ट्रोमीटर सरळ करायचे, सोडियम लॅम्प विझू द्यायचा नाही, हे माझं काम. त्यामुळे कुणी काही विचारलं की मी फळ्याकडे जात नाही, कपाटाकडे जाते. त्या दिवशी आम्ही जे केलं ते क्रमाने लिहिते. घरात एक अंधारी खोली आणि चार मीटर मोकळी जागा हवी. आमच्या जुन्या घरात माजघरातून ओटीपर्यंत ती सहज मिळते. फ्लॅटवाल्यांनी पॅसेज वापरावा.

सामान

लाल लेझर पॉइंटर, एक मिलिवॉटचा असला तर उत्तम, पाचाच्या वर मुळीच नको. हिरवे स्वस्तातले घेऊ नका, त्यांच्यावर लिहिलेलं एक आणि आतून येणारं भलतंच असतं. लेझर टेबलाला चिकटवून टाका, म्हणजे तो कुणाच्या डोळ्यांच्या उंचीला फिरणार नाही. समोरच्या भिंतीवरचा आरसा आणि काचेच्या फ्रेमा काढून ठेवा. याशिवाय स्टेपलरच्या पिना, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, सेलोटेप आणि नवी ब्लेड.

खरी खटपट पोलरायझर फिल्मची. प्रकाशाची लहर आपल्या वाटेला आडवी थरथरते, उभी, आडवी, तिरपी कशीही; ही फिल्म त्यातली एकाच दिशेची थरथर आरपार सोडते. मी आधी 'पोलराइज्ड' म्हणून विकलेला गॉगल घेऊन आले. लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून फिरवला, तर स्क्रीन एकदाही काळी होईना. नुसती काळी काच! दुकानदार म्हणाला, "दीदी, धूप में पहनो, फर्क पड़ेगा." मग जेल रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडून स्क्रीन फुटलेला एलसीडी मॉनिटर मागून आणला. आतल्या काचेच्या दोन्ही अंगांना फिल्म चिकटवलेली असते. पुढची घेऊ नका, तिच्यावर चकाकी मारायला खरखरीत थर असतो आणि लेझरचा ठिपका त्यातून फिसकटतो. मागची कोपऱ्यातून ब्लेडने उचलून अगदी सावकाश सोलायची. काचेच्या कपच्या उडतात, हातमोजे घाला. मागे राहिलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळ्या करून काढायचा. नेलपेंट रिमूव्हर वापरायचा मोह होतो. माझा एक तुकडा त्याने दुधाळ झाला.

आता फिल्मची दिशा ओळखा. दारातून उजेड येणारी गुळगुळीत फरशी बघा, तीन-चार पावलांवरून, तिरकी. फरशीवरची चकाकी फिल्ममधून बघत फिल्म फिरवा. एका ठिकाणी चकाकी मरते. फरशीवरून परतलेला प्रकाश बहुतेक आडवा थरथरणारा असतो, तेव्हा चकाकी मेली त्या क्षणी फिल्म फक्त उभा प्रकाश सोडते आहे. मार्करने तिच्यावर उभा बाण काढा. प्रत्येक तुकड्यावर, आणि कुठली बाजू वर तेही लिहा. हा बाण न काढल्याची शिक्षा मी भोगली आहे, पुढे सांगते.

पट्ट्या आणायच्या, पट्ट्या घालवायच्या

पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा. त्यावर सरळ केलेली स्टेपलरची पिन उभी ताणून चिकटवा. लेझरचा झोत बरोबर पिनेवर पडू द्या, म्हणजे निम्मा प्रकाश डावीकडून जाईल, निम्मा उजवीकडून. चार मीटरवरच्या भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या-लाल पट्ट्या दिसतील. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले पिनेची जाडी. लाल प्रकाश साधारण ६५० नॅनोमीटर, पिन अर्धा मिलिमीटर, म्हणजे पट्ट्या पाच मिलिमीटरला एक. मोजपट्टी लावून बघा, येतं.

हे काही नवं नाही. थॉमस यंगने १८०३ साली खिडकीच्या झडपेतून आलेल्या उन्हाच्या बारीक किरणात पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी धरून हेच दाखवलं होतं; पट्टीची जाडी इंचाचा सुमारे तिसावा भाग. त्याच्याकडे लेझर नव्हता, म्हणून त्याचं जास्त कौतुक.

आता फिल्मचे दोन तुकडे घ्या. पिनेच्या डाव्या अंगाला एक, बाण उभा. उजव्या अंगाला दुसरा, बाण आडवा. दोघांची शिवण पिनेच्या मागे पूर्ण लपली पाहिजे. फट राहिली तर खेळ बिघडतो. लेझरचा स्वतःचा प्रकाशही एका दिशेनेच थरथरतो, तेव्हा पॉइंटर स्वतःभोवती फिरवून दोन्ही तुकड्यांतून सारखाच प्रकाश येईल असा ठेवा.

भिंतीकडे बघा. पट्ट्या गेल्या. प्रकाश आहे, फिल्ममुळे थोडा मंद, पण नुसता पसरट लाल डाग.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा पट्ट्या जाईचनात. एक अख्खी संध्याकाळ मी पुंजसिद्धांत (म्हणजे क्वांटम फिजिक्स) चुकला असं समजून बसले होते! झालं होतं असं की त्या जुन्या मॉनिटरच्या फिल्मची दिशा कडेला समांतर नव्हती, तिरपी ४५ अंशांत होती. मी दुसरा तुकडा नव्वद अंशांत वळवला खरा, पण चिकटवताना उलटाही केला. तिरपी दिशा वळली आणि उलटली की पुन्हा पहिल्यासारखीच. कागदाच्या तुकड्यावर तिरकी रेघ मारून करून बघा. म्हणून म्हटलं, बाण काढा.

पट्ट्या का गेल्या? डावीकडून आलेल्या प्रकाशावर आता 'उभा' असा शिक्का आहे, उजवीकडच्यावर 'आडवा'. कुठली वाट घेतली त्याची साक्ष प्रकाशाच्या अंगावरच आहे. ती कुणी वाचली नाही, वाचायची गरजही नाही. वाचता येण्याजोगी असणं पुरे. लोक 'कुणी पाहिलं की बदलतं' असं म्हणत सुटतात, त्यातून मग मन, चेतना, अध्यात्म सगळं निघतं. भाच्याने तेच सुरू केलं होतं. मी त्याला म्हटलं, "तू डोळे मीट, मी पण मिटते, मोबाइलने फोटो घे." फोटोतही पट्ट्या नव्हत्या.

एक कबुली: झगझगीत लेझरने केलेला हा खेळ जुन्या लहरींच्या हिशेबानेही समजावता येतो. पण प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, जाईल, तरी ठिपके साचत साचत हीच चित्रं तयार होतात, आणि तिथे लहरींचा हिशेब एकटा पुरत नाही.

खोडरबर

हा भाग घाईत उरकू नका, सगळा अर्थ इथे आहे.

तिसरा तुकडा घ्या, बाण ४५ अंशांत तिरपा, आणि पिनेपासून हातभर पुढे प्रकाशाच्या वाटेत धरा. पट्ट्या परत येतात. तिरप्या फिल्ममधून बाहेर पडणारा प्रकाश सगळाच तिरपा. तो आधी उभा होता की आडवा, शिक्का पुसला गेला. आता हाच तुकडा नव्वद अंशांत फिरवा. पट्ट्या असतात, पण जागा बदललेली: जिथे काळं होतं तिथे लाल, जिथे लाल तिथे काळं. भाच्याने भिंतीला कागद लावून दोन्ही वेळा पेन्सिलने पट्ट्या आखल्या. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तर सपाट डाग. म्हणजे ही तिसरी फिल्म नव्हती तेव्हाही पट्ट्या नाहीशा झाल्या नव्हत्या. दोन उलटसुलट पट्ट्या एकमेकींत मिसळून बसल्या होत्या, आणि त्या वेगळ्या करायला लागणारी किल्ली शिक्क्यात होती.

आणखी एक. तिसरा तुकडा काढून ठेवा, आणि पिनेवरचा उजवा तुकडा नव्वदऐवजी थोडा थोडा तिरपा लावून बघा. दोन बाणांत ६० अंश ठेवले तर पट्ट्या आहेत, पण निम्म्या ठसठशीत. ३० ला जवळपास पूर्ण. हिशेब कोनाच्या कोसाइनचा. साक्ष अर्धवट असली तर पट्ट्याही अर्धवट. 'क्वांटम' आणि 'नेहमीचं जग' यांच्यामध्ये कुंपण नाही, उतार आहे. या उतरणीला डिकोहेरन्स म्हणतात. हायडेलबर्गच्या हाइन्झ-डीटर झेह यांनी १९७० मध्ये हा विचार मांडला, तेव्हा फार थोड्यांनी मनावर घेतला. ८०च्या दशकात वॉयचेख झुरेक यांनी त्याला गणिताचं हाडपेर दिलं.

कवडसा

आता लेझर बंद करा आणि कवडशाची वेळ गाठा. आमच्याकडे कौलातून सकाळी साडेनऊला माजघरात पडतो. तुमच्याकडे पडद्याच्या फटीतून पडेल. त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. एकाच कणाकडे टक लावा आणि प्रश्न विचारा: हा कण दोन ठिकाणी का नाही?

कण दोन ठिकाणी असता तर त्याच्या दोन वाटांवर शिक्के मारणारं कोण कोण आहे ते मोजा. आधी हवा. १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या कणावर साध्या हवेत सेकंदाला साधारण १ वर १८ शून्यं इतक्या रेणूंच्या धडका बसतात. हे तुम्ही स्वतः काढू शकता: एक घनमीटर हवेतल्या रेणूंची संख्या गुणिले त्यांचा सरासरी वेग, भागिले चार, गुणिले कणाचं पृष्ठफळ. दोन जागांमधलं अंतर रेणूला 'कळण्याइतकं' असलं तर एक धडक पुरते, कारण आदळलेला रेणू वेगळ्या दिशेने उडतो आणि ती दिशा म्हणजेच साक्ष. हवा काढून घेतली तरी उजेड आहेच. उजेड काढला, तर? योस आणि झेह यांनी १९८५ मध्ये हिशेब मांडला: निर्वात, पूर्ण अंधार, फक्त विश्वभर भरून राहिलेले २.७ केल्विनचे थंडगार सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह). तेवढ्यानेही १० मायक्रॉनच्या कणाचं १० मायक्रॉन अंतरावरचं 'दोन ठिकाणी असणं' साधारण सेकंदाभरात मोडतं. पोकळीतही धुळीच्या कणाला एकांत नाही.

आणि आता खोडरबर आठवा. माजघरात साक्षीदार एक होता, समोरून जाणारा, तेव्हा एक तिरपी फिल्म पुरली. कवडशातल्या कणाचे साक्षीदार दारातून, कौलातून बाहेर पळाले. काही प्रकाशकण तर आकाशात निघून गेले, ते कुणीच गाठू शकत नाही. त्या सगळ्यांना एकाच वेळी पकडून तिरपं करणारी फिल्म असती तर भिंतीच्याही पट्ट्या दिसल्या असत्या. भिंत दोन ठिकाणी नसते याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच: तिच्या साक्षी पुसता येण्याच्या पलीकडे गेलेल्या असतात.

हे नुसतं कागदावर नाही. व्हिएन्नाला झायलिंगर यांच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूच्या पट्ट्या मिळवल्या. पुढे तिथेच, सत्तर कार्बनवाला रेणू घेऊन, निर्वात नळीत थोडा थोडा वायू सोडला, तर पट्ट्या हळूहळू फिक्या झाल्या. मग रेणूंनाच लेझरने तापवलं, तरी फिक्या. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश टाकतो आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगून बसतो. चोराने बिडी पेटवावी तसं. पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांनी १९९६ मध्ये पोकळीत कोंडलेल्या सूक्ष्मतरंगांची 'मांजर' (श्रोडिंगरच्या एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजरीसारखी, एकाच वेळी दोन अवस्थांत असलेली) अशीच मरताना पाहिली, थोडी थोडी, मोजून. २०१२ चं नोबेल त्यांना डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत मिळालं.

कवडशाचा दुसरा उपयोग. तुम्ही आणि भाचा दोघांनी तोच कण बघा आणि आपापल्या जागेवरून बोट दाखवा. बोटं एकाच कणावर येतात. का? दोघांनी कणाला हात लावला नाही. दोघांनी त्याच्यावरून उसळलेले वेगवेगळे फोटॉन पकडले. रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमधून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतून, कुणी गेलं की तो कुठल्या गल्लीतून आला हे विचारायला त्याला शोधावं लागत नाही, वाटेत घासून गेलेल्या शंभर लोकांच्या कपड्यांवर त्याचा रंग असतो. झुरेक आणि जेस रीडल यांनी २०१० मध्ये आकडा काढला: एक मायक्रॉनचा कण, एक मायक्रॉनच्या अंतरावर दोन ठिकाणी, उन्हात, एका मायक्रोसेकंदात त्याच्या जागेची नोंद सुमारे दहा कोटी वेळा प्रकाशात उमटते. ज्याच्या इतक्या नकला झाल्या त्याबद्दल सगळ्यांचं एकमत होणारच. आपण ज्याला 'खरं, समोर असलेलं' म्हणतो ते हे एकमत. आणि जागेचीच नोंद का, वेगाची का नाही? कारण धडका, उजेड, विद्युतबल ही सगळी अंतर बघून काम करतात. हवेला जागा कळते.

इथे भाच्याने मला पकडलं. "ठीक आहे, पट्ट्या गेल्या. पण मग दोनातलं एकच का दिसतं? हेच का, ते का नाही?" बरोबर पकडलं. याचं उत्तर डिकोहेरन्स देत नाही, आणि देतं असं कुणी सांगितलं तर त्याचा चहा संपायच्या आत उठावं. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये म्हटलं की दोन्ही घडतात, आपणही दोन होतो. काहींना ते पटतं, काही समीकरणच बदलू बघतात. मी लॅबवाली, पट्ट्यांपर्यंतच माझी हद्द.

गोधडी

भाच्याची भूक वाढली होती. भिंत झाली, आता भिंतीतली जागा. अंतर ही गोष्टच कशातून येते?

इथे माझ्या कपाटात काही नाही, आणि जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत अजून नाही. म्हणून आईची जुनी गोधडी काढली. दोन लुगड्यांचे थर, मध्ये हजारो धावदोरे. गोधडी एका रेषेवर धरा आणि त्या रेषेवरून किती दोरे जातात ते मोजा. रेष लांब, तर दोरे जास्त. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७०च्या दशकात कृष्णविवराबद्दल जे काढलं त्याची ओळख इथून करून द्यायची: त्याची एन्ट्रॉपी (आत किती विस्कळीतपणा दडला आहे त्याचं माप) आतल्या आकारमानावर नाही, पृष्ठफळावर ठरते, आणि प्लांकच्या एककांत, म्हणजे निसर्गाच्या स्थिरांकांतून काढलेल्या मापांत, ती पृष्ठफळाचा चौथा भाग. २००६ मध्ये शिन्सेई र्यू आणि तादाशी ताकायानागी यांनी दाखवलं की एका खास प्रकारच्या विश्वात हेच सूत्र कृष्णविवराशिवायही चालतं. त्या विश्वाच्या काठावर गुरुत्वाकर्षण नसलेला पुंजसिद्धांत आहे. काठाचे दोन भाग एकमेकांशी किती गुंतलेले (एन्टँगलमेंट: दोघांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही, अशी जोड), ते आतल्या लहानात लहान विभाजक पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून मोजता येतं.

आता त्या रेषेवरचे दोरे एकेक उसवा, पण गोधडीच्या दोन्ही टोकांना दोघांनी हलकं ताणून धरा. जोड बारीक होत जातो, दोन्ही बाजू लांब सरकतात, शेवटचा दोरा तुटला की दोन गोधड्या. मार्क व्हॅन राम्सडॉंक यांनी २०१० मध्ये हेच म्हटलं: काठावरच्या दोन भागांतली गुंतवण कमी करत नेली की आतली जागा मध्ये चिमटत जाते आणि शेवटी तुटते. म्हणजे जागा आधी आणि तिच्यात वस्तू, असं नाही. गुंतवण आधी, जागा तिची वीण. आईने बघितलं असतं तर गोधडी उसवली म्हणून मलाच बोलली असती, पण फिजिक्स तिला पटलं असतं.

सावधगिरी सांगायलाच हवी. ते विश्व आपलं नाही. त्याची वक्रता उलट चिन्हाची, त्याला काठ आहे. आपलं विश्व फुगतं आहे, त्याला तसा काठ दिसत नाही. दुसऱ्या वाटाही आहेत, आणि त्यांत आपली माणसं आहेत. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये सापेक्षतेची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून जागेचेच कण मानणारा लूप सिद्धांत उभा राहिला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले थनू पद्मनाभन, २०२१ मध्ये गेले, ते गुरुत्वाकर्षणाकडे तापमान-दाबासारखं, कशाच्या तरी गर्दीतून उपजलेलं म्हणून बघत होते. या वाटा एकमेकींना पूर्ण मिळत नाहीत.

काळाचं मात्र माजघराशी नातं आहे. सगळ्या विश्वाचं पुंजसिद्धांतातलं समीकरण, व्हीलर-डिविट त्याचं नाव, लिहिलं की त्यात काळच राहत नाही. पेज आणि वूटर्स यांनी १९८३ मध्ये सुचवलं की विश्वाचा एक तुकडा घड्याळ माना; बाकीचा त्याच्याशी गुंतलेला असेल, तर आतल्यांना काळ चालताना दिसेल, बाहेरून सगळं स्तब्ध. २०१३ मध्ये इटलीत तोरीनोला दोन गुंतलेल्या फोटॉनांवर याचं छोटं प्रात्यक्षिक झालं. एका फोटॉनची थरथरण्याची दिशा हेच घड्याळ. तीच दिशा, जिच्यासाठी तुम्ही फरशीची चकाकी मारून बाण काढलात.

आवरताना फिल्मचे तुकडे कागदी पाकिटात, बाण वर करून ठेवा. ऊन आणि ओल दोन्ही त्यांना सोसत नाहीत. एक तुकडा बाहेर राहू द्या: त्यावर सेलोटेपचे दोन-तीन थर वेगवेगळ्या कोनांत चिकटवा आणि बाण आडवा, सेलोटेप भिंतीकडे, असा पिनेच्या उजव्या तुकड्यामागे धरा. सेलोटेप प्रकाशाची दिशा वळवतो, त्यामुळे गेलेल्या पट्ट्या खोडरबराशिवायच थोड्या थोड्या डोकावतात. भाचा तीन थरांपर्यंत पोचला आणि सात वाजले, त्याला सराफ्यात जायचं होतं.